डी ड्राइव्हवर ठेवलं म्हणजे बॅकअप झाला का?

प्रश्न सांगलीच्या गावभागात राहणाऱ्या एका ताईंचा आहे. त्या घरूनच डीटीपीची कामं करतात. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, दिवाळी अंकाची पानं, सगळं पेजमेकर, कोरल ही पानं मांडायची सॉफ्टवेअरं आणि मराठी टाइप करायला श्रीलिपी वापरून. त्याच लॅपटॉपवर यजमानांच्या दुकानाचं टॅली आहे. शिवाय सासऱ्यांनी बारा वर्षं गावोगाव फिरून जमवलेला घराण्याचा कुलवृत्तांत आहे: मोडी कागदांचे स्कॅन, जुने फोटो, वर्डमध्ये लिहिलेली टिपणं. कामाच्या फाइली डी ड्राइव्हवर आहेत, डेस्कटॉप वनड्राइव्हला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठवणीला, जोडलेला आहे आणि लॅपटॉप भरला म्हणून मुलांचे लहानपणापासूनचे फोटो १ टीबीच्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर हलवले आहेत. सगळं मिळून २६० जीबीच्या आसपास. ‘एवढा बॅकअप पुरे आहे, की अजून एक डिस्क घ्यावी?’ असं त्यांनी विचारलंय. आणि जाता जाता शेवटी एक वाक्य लिहिलंय: ‘एक्स्टर्नल डिस्क लावली की हल्ली कधी कधी टक टक वाजते.’

ताई, मी त्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं आठवडाभर थांबलं तरी चालेल, हे थांबणार नाही.

ती डिस्क आत्ता लावलेली असेल तर ‘सेफली रिमूव्ह’ करून काढा आणि बाजूला ठेवा. आतल्या चकत्या मिनिटाला हजारो फेरे फिरत असतात आणि वाचणारं हेड त्यांच्यापासून केसाच्या जाडीच्याही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतं. हेडला आपली जागा सापडली नाही की ते मागे येतं, पुन्हा झेपावतं, पुन्हा मागे येतं. त्याचा तो टक टक आवाज. कधी कधी दोष नुसता केबलचा असतो किंवा पोर्टमधून वीज कमी मिळत असते, म्हणून एकदा दुसरी केबल लावून, मधला हब काढून, थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावून बघायला हरकत नाही. पण एकदाच. तरीही वाजत असेल तर ती डिस्क आता मोजक्याच वेळा चालणार आहे असं धरून चला.

म्हणून आधी नवी डिस्क आणा आणि मगच जुनी लावा. जुनी टेबलावर सपाट ठेवा, चालू असताना हलवू नका. विंडोजनं ‘स्कॅन अँड फिक्स’ विचारलं तर नको म्हणा. त्यातून चालतो तो चेकडिस्क, आणि तो फाइलींचा हिशोब जुळवणारा प्रोग्रॅम आहे, डिस्क दुरुस्त करणारा नाही. मरायला टेकलेल्या डिस्कवर तो चालवला की आधीच थकलेल्या हेडला आणखी तासन्‌तास धावावं लागतं, वर न जुळणाऱ्या फाइलींचे तुकडेही होतात. सगळं एकदम ‘सिलेक्ट ऑल’ करून ओढू नका. जे पुन्हा कधीच मिळणार नाही ते आधी, लहान लहान फोल्डर करून घ्या: मुलांचं पहिलं वर्ष, जे आता हयात नाहीत त्यांचे फोटो. डाउनलोड केलेले सिनेमे राहिले तर राहिले. एखादी फाइल अडली तर ‘स्किप’ करून पुढे जा, तिचं नाव कागदावर लिहून ठेवा. आणि डिस्क नुसतीच वाजतेय, ‘धिस पीसी’मध्ये दिसतच नाही, अशी वेळ आली तर तिथेच थांबा. पुन्हा पुन्हा लावून बघू नका, ओळखीच्या मुलाला स्क्रू काढू देऊ नका. धूळमुक्त खोली असलेल्या रिकव्हरी लॅबचंच ते काम आहे. ते महाग असतं, पण चकतीवर ओरखडे पडण्याआधी गेलात तर आशा असते.

आता तुमचा मूळ प्रश्न.

तुम्ही ‘फोटो हलवले’ असं लिहिलंय. माझ्या दुरुस्तीच्या बाकावर येणाऱ्या रडकुंडीच्या प्रकरणांपैकी निम्मी तरी या एका शब्दातून येतात. लॅपटॉप भरतो, एक्स्टर्नल डिस्क येते, फोटो ‘कट-पेस्ट’ होतात आणि घरात सगळे त्या डिस्कला ‘बॅकअपची डिस्क’ म्हणायला लागतात. प्रत मात्र आधीही एकच होती आणि आताही एकच आहे. उलट आता ती लॅपटॉपपेक्षा जास्त वेळा पडणाऱ्या, कपाटातून पर्समध्ये फिरणाऱ्या डबीत आहे. जोवर तीच फाइल दोन वेगळ्या वस्तूंवर एकाच वेळी नाही, तोवर तिचा बॅकअप नाही.

डी ड्राइव्हचंही तसंच. ‘सी फॉरमॅट मारला तरी डी जात नाही’ हे आपल्याकडे कॉम्प्युटर क्लासच्या पहिल्या आठवड्यापासून ऐकलेलं असतं आणि ते तेवढ्यापुरतं खरंही आहे. विंडोज पुन्हा टाकताना डीला हात लागत नाही. पण तुमच्या लॅपटॉपमध्ये सी आणि डी हे बहुधा एकाच डिस्कचे दोन भाग आहेत. एकाच कपाटाचे दोन कप्पे म्हणा हवं तर, कपाटच चोरीला गेलं तर दोन्ही जातात. खात्री करायची असेल तर स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. ‘डिस्क ०’ या एकाच पट्टीत सी आणि डी शेजारी शेजारी दिसले की समजायचं.

लॅपटॉपमध्ये एसएसडी (फिरत्या चकत्यांऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) असेल, आणि अलीकडच्या पाच-सात वर्षांतला असेल तर बहुतेक असेलच, तर अजून एक गोष्ट लक्षात घ्या. जुन्या हार्ड डिस्कवरून चुकून डिलीट झालेली फाइल आम्ही बरेचदा काढून देऊ शकायचो. डिलीट करताना फक्त नोंद पुसली जायची, मजकूर तिथेच असायचा. एसएसडीत ‘ट्रिम’ नावाची सोय असते. फाइल डिलीट झाली की विंडोज डिस्कला तसं कळवतं आणि डिस्क ती जागा सवडीनं खरोखरच रिकामी करते. त्यामुळे ‘गेलं तर रिकव्हरीवाला आहेच’ हा जुना आधार आता फारसा उरलेला नाही. गिऱ्हाइकाला हे सांगताना वाईट वाटतं, पण खोटी आशा लावून पैसे घेण्यापेक्षा ते बरं.

वनड्राइव्हबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तिथे गैरसमज खूप आहेत. वनड्राइव्ह किंवा गुगल ड्राइव्ह मुळात दोन्हीकडे सारखं ठेवण्याचं काम करतात. लॅपटॉपवर फाइल बिघडली की बिघडलेलीच वर जाते. इथे डिलीट केली की तिथलीही जाते. वनड्राइव्हच्या रिसायकल बिनमध्ये ती ३० दिवस राहते, गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्येही ३० दिवस. जूनमध्ये चुकून पुसलेलं दिवाळी अंकाचं फोल्डर तुम्हाला सप्टेंबरात आठवलं तर दोघांकडेही ते नसेल. शिवाय वनड्राइव्हची फुकट जागा ५ जीबी. ती भरली की पुढचं काही वर जात नाही, आणि कोपऱ्यातल्या त्या छोट्या ढगावरची खूण आपण महिनोन्‌महिने बघत नाही. गुगलचे १५ जीबी जीमेल, फोटो आणि ड्राइव्ह मिळून आहेत, आणि अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही आता त्याच्यातच मोजला जातो. दोन वर्षं न वापरलेलं गुगल खातं आतल्या सगळ्यासकट बंद करण्याचं धोरणही गुगलनं २०२३ पासून लागू केलंय. त्यामुळे खास फोटोंसाठी उघडलेलं वेगळं खातं असेल तर त्यात अधूनमधून लॉगिन करत जा.

अजून एक बघा. तुमच्या डेस्कटॉपवरच्या काही फाइलींच्या शेजारी निळ्या रेषेचा रिकामा ढग दिसतो का? ती फाइल लॅपटॉपवर नाहीच, फक्त तिची पाटी आहे. डबल क्लिक केलं की इंटरनेटवरून उतरते. मागे एक विद्यार्थिनी आली होती. लॅपटॉप बंद पडला म्हणून तिनं दुसऱ्या एका दुकानातून डिस्क काढून सगळा डेस्कटॉप कॉपी करून घेतला होता. फोल्डर होती, नावं होती, पण प्रबंधाची एकही फाइल उघडेना. सुदैवानं तिला खात्याचा पासवर्ड आठवत होता. तुम्ही तुमच्या वनड्राइव्हच्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा, सगळे ढग जाऊन हिरव्या टिकल्या दिसेपर्यंत थांबा, आणि मगच डिस्कवर कॉपी घ्या.

मी या धंद्यात वीस वर्षांहून जास्त काढली. आता कुणालाही बॅकअप लावून देताना मी आधी एकच विचारतो: उद्या सकाळी हा लॅपटॉप घरात नाही. दुसरा आणलात. मग तुमचं काम सुरू व्हायला काय काय लागेल? फाइली लागतीलच, पण फाइलींवर भागत नाही. तुमच्या बाबतीत तर अजिबातच नाही.

तुमचं श्रीलिपीतलं काम युनिकोडमधलं, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीतलं, नसेल, जुन्या फाँटमधलं असेल, तर पेजमेकरच्या फाइलीत ‘क’ म्हणून ‘क’ साठवलेलाच नसतो. तिथे एक रोमन चिन्ह असतं आणि फाँट त्याला ‘क’चं रूप देतो. तो फाँट नसलेल्या मशीनवर तुमची लग्नपत्रिका उघडली तर गणपतीच्या श्लोकाच्या जागी कंस, टक्के आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. ‘आकृती’, ‘कृतिदेव’ या फाँटांचंही तसंच. म्हणून बॅकअपमध्ये ‘फाँट’ नावाचं एक फोल्डर हवंच. त्यात तुम्ही वापरता ते सगळे फाँट, सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर, त्याचा सीरिअल नंबर आणि कीबोर्डची मांडणी. तुमच्या श्रीलिपीला यूएसबीचं लॉक (जे लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) असेल तर ते हरवलं तर काय करायचं हे विक्रेत्याला आजच विचारून ठेवा, कारण लॉकची कॉपी डिस्कवर घेता येत नाही.

पेजमेकरची दुसरी खोड तुम्हाला माहीत असेल. पानात लावलेलं चित्र फाइलीच्या आत असतंच असं नाही, बरेचदा फक्त त्याचा पत्ता असतो. फाइल दुसरीकडे नेली की पडद्यावर अंधूक चित्र दिसतं आणि छापताना चौकोन चौकोन येतात. ‘सेव्ह अ‍ॅज’च्या खिडकीत खाली कॉपीचे पर्याय आहेत, त्यात ‘ऑल लिंक्ड फाइल्स’ निवडलंत की सगळी चित्रं एकाच फोल्डरमध्ये येतात. कोरलमध्ये त्यासाठी ‘कलेक्ट फॉर आउटपुट’ आहे, ते फाँटही गोळा करतं. पण माझा आग्रह याच्याही पुढचा आहे. काम गिऱ्हाइकाला दिलंत की त्याच दिवशी फाँट आत घातलेली पीडीएफ करून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, सातवी, २००१ ची आहे. दहा वर्षांनी ती कुठल्या मशीनवर चालेल हे सांगता येणार नाही, पण पीडीएफ उघडेल. आणि मजकूर मोठा असेल, म्हणजे अंकातल्या कथा किंवा एखादं अख्खं पुस्तक, तर युनिकोडमध्ये बदललेली एक साधी फाइलही ठेवा. तेवढं काम कंटाळवाणं आहे हे मला ठाऊक आहे. तरी करा. आपल्या भाषेतला १९९० नंतरचा कितीतरी मजकूर आज फक्त न उघडणाऱ्या फाइलींमध्ये पडलेला आहे. लेखकांचे वारस सीडी घेऊन येतात, ती सीडी वाचताही येते, आणि आत काय लिहिलंय ते मात्र कुणालाच कळत नाही.

टॅलीचा बॅकअप टॅलीच्या आतूनच घ्या. प्रोग्रॅम उघडा असताना बाहेरून डेटा फोल्डर उचललं तर अर्धी लिहिलेली फाइल येऊ शकते. बॅकअप नेमका कुठल्या रस्त्यानं कुठे जातोय तेही वाचा. कित्येकांचा तो त्याच लॅपटॉपवर जात असतो आणि वर्षानुवर्षं कुणी बघितलेलं नसतं. टॅली व्हॉल्टचा, म्हणजे टॅलीतला हिशोब कुलूपबंद करणारा, पासवर्ड लावला असेल तर तो कागदावर लिहून घरातल्या तिजोरीत ठेवा, कारण तो विसरला तर कुणीही ते उघडून देऊ शकत नाही. दुकानाला जीएसटी लागू असेल तर हिशोब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावा लागतो. म्हणून दरवर्षीच्या मार्चअखेरची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये वर्ष घालून ठेवायची आणि तिच्यावर पुन्हा काही लिहायचं नाही. ३१ मार्चला जगभर ‘बॅकअप दिन’ही पाळतात, २०११ पासून. आपल्याकडे त्या दिवशी वह्या बंद होतातच, तारीख लक्षात ठेवायला सोपी.

आणि किल्ली. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते, मालकाला त्याचा पत्ताही नसतो. २०२४ च्या आवृत्तीपासून हे प्रमाण आणखी वाढलंय. रोज चालू करताना काही जाणवत नाही. पण मदरबोर्ड बदलला किंवा डिस्क काढून दुसरीकडे लावली की निळ्या पडद्यावर ४८ आकडी ‘रिकव्हरी की’ मागितली जाते. एक निवृत्त मुख्याध्यापक असाच लॅपटॉप घेऊन आले होते. मदरबोर्ड दुसरीकडे बदलून झाला होता, डिस्क ठणठणीत होती. की कुठे असेल? ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॅपटॉप सुरू केला त्यात. ते खातं लॅपटॉप विकणाऱ्या दुकानातल्या मुलानं उघडून दिलं होतं. ईमेल कुठला दिला ते सरांना ठाऊक नव्हतं, फोन नंबर त्या मुलानं स्वतःचा टाकला होता आणि तो मुलगा नोकरी सोडून गेला होता. आम्ही तीन दिवस शोधाशोध केली. सरांच्या पत्नीच्या शेवटच्या वर्षातले फोटो त्या डिस्कवर होते आणि आजही आहेत, फक्त उघडत नाहीत. ताई, सेटिंगमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा ‘बिटलॉकर’ शोधा. चालू असेल तर खात्यात जाऊन ते ४८ आकडे उतरवून घ्या, छापा, आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका. खातं कुणाच्या नंबरवर आहे तेही बघून घ्या.

आता डिस्क. हो, घ्या, आणि एक नको, दोन घ्या. तुमचा एकूण पसारा २६० जीबीचा आहे, त्यामुळे १ टीबीच्या दोन पुरतील. विंडोजमध्ये त्या ९३१ जीबीच्या दिसतील, घाबरू नका, मोजण्याच्या पद्धतीचा फरक आहे. एकाच दिवशी एकाच खोक्यातल्या जुळ्या डिस्क घेण्यापेक्षा दोन वेगळ्या कंपन्यांच्या घेतल्या तर जास्त चांगलं. निळं यूएसबी ३ चं पोर्ट वापरा. तिथे साध्या एक्स्टर्नल डिस्कला सेकंदाला १०० एमबीच्या आसपास वेग मिळतो, म्हणजे तुमचं सगळं पहिल्यांदा पाऊण-एक तासात उतरायला हवं. बारीकसारीक फाइली हजारोंनी असतील तर दुप्पट वेळ धरा. काळ्या, जुन्या पोर्टवर तेच काम अडीच-तीन तास घेईल. काहीशे रुपयांत २ टीबीचा पेनड्राइव्ह कुणी विकत असेल तर घेऊ नका. तो आतून ३२ किंवा ६४ जीबीचा असतो, दाखवतो मात्र २ टीबी, आणि जागा संपली की जुन्यावरच नवं लिहीत जातो. पेनड्राइव्ह तसाही गिऱ्हाइकाला फाइल नेऊन द्यायला ठीक, वर्षानुवर्षं जपायला नाही.

पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकारानं ३-२-१ असा एक हिशोब मांडला आणि तो जगभर रुजला: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. त्यातला ‘घराबाहेर’ हा भाग आम्हा सांगलीकरांना वेगळा समजवावा लागू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी उतरल्यावर माझ्याकडे एका फोटोग्राफरनं कॉम्प्युटरची डिस्क आणि बॅकअपची डिस्क एकाच प्लास्टिकच्या पिशवीतून आणली होती. दोन्हीही लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात होत्या. बाहेरून पुसून स्वच्छ केलेल्या, आणि लेबलाखालच्या बारीक छिद्राभोवती गाळाचं पिवळट कडं. हार्ड डिस्कला हवेसाठी तसं छिद्र असतं, पाणी तिथूनच आत जातं. त्यांनी काळजीपोटी दोन्ही डिस्क उन्हात वाळवून एकेकदा चालू करून पाहिल्या होत्या. वाळलेला गाळ, त्यावरून फिरणारं हेड, पुढचं लिहवत नाही. भिजलेली डिस्क कधीही चालू करायची नाही, वाळवायचीही नाही, ओली तशीच बंद पिशवीत घालून लॅबला पाठवायची.

तुमचं माहेर जतला आहे असं तुम्ही लिहिलंय. मग एक डिस्क माहेरी ठेवा. दोन्हींवर मार्करनं ‘अ’ आणि ‘ब’ लिहा. ‘अ’ घरी, ‘ब’ जतला, झिपच्या पिशवीत सिलिकाच्या पुडीसह, माळ्यावर नव्हे तर कपाटात. दर आठवड्याला ‘अ’वर घ्या. सणाला, लग्नकार्याला माहेरी जाल तेव्हा ताजी ‘अ’ तिथे ठेवून ‘ब’ घेऊन या. दोन्ही डिस्क एकाच वेळी लॅपटॉपला लावायच्या नाहीत, एकाच पिशवीतून प्रवासाला न्यायच्या नाहीत. आणि पावसाळ्यापूर्वी, मे संपता संपता, एक फेरी ठरवूनच करा.

कॉपी कशी घ्यायची? विंडोजमध्ये ‘फाइल हिस्टरी’ आहे, डिस्क लावलेली असेल तोवर दर तासाला बदललेल्या फाइलींच्या जुन्या-नव्या आवृत्त्या ठेवते. चांगली सोय आहे, पण ती मुळात डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप असल्याच फोल्डरांकडे बघते. तुमचं सगळं काम डी ड्राइव्हवर. ते फोल्डर ‘लायब्ररी’मध्ये मुद्दाम घातलं नाही तर फाइल हिस्टरी वर्षभर इमानदारीनं चालेल आणि तुमच्या एकाही पत्रिकेला शिवणार नाही. म्हणून तुम्हाला मी फ्रीफाइलसिंक सुचवेन. फुकट आहे, डावीकडे लॅपटॉप, उजवीकडे डिस्क, काय बदललंय ते आधी दाखवतं. त्यात एक सेटिंग आवर्जून करा: डिलीट झालेल्या आणि बदललेल्या फाइलींसाठी ‘व्हर्जनिंग’ निवडून डिस्कवरच एक ‘जुन्या’ नावाचं फोल्डर द्या. नुसतं ‘मिरर’ ठेवलंत तर लॅपटॉपवर चुकून पुसलेलं डिस्कवरूनही निमूट पुसलं जाईल. हे काही जमलं नाही तर हातानं करा. तारखेचं फोल्डर, आधी वर्ष मग महिना मग दिवस, म्हणजे आपोआप क्रमानं लागतील, आणि त्यात सगळं कॉपी. ओबडधोबड आहे, पण मी या पद्धतीनं वाचलेली कितीतरी घरं पाहिली आहेत.

कॉपी झाली की डिस्क काढायची. सोय म्हणून लावून ठेवू नका. खंडणीखोर व्हायरस सी आणि डी बघत नाहीत, जे जे अक्षर ड्राइव्ह म्हणून दिसतं त्या सगळ्याला कुलूप लावतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा असाच व्हायरस आला तेव्हा ज्यांच्या डिस्क टेबलाच्या खणात होत्या ते वाचले, ज्यांच्या मागे कायम लावलेल्या होत्या त्यांचा बॅकअपही गेला. आपल्याकडे तर असले व्हायरस क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरसोबतच जास्त येतात, आणि डीटीपीच्या धंद्यात ‘एक क्रॅक मिळालाय’ म्हणून पेनड्राइव्ह पुढे करणारे बरेच भेटतात. घेऊ नका.

इंटरनेटवर सगळे २६० जीबी चढवायची गरज नाही. तुमचा अपलोडचा वेग २० एमबीपीएस असेल तर सलग २९ तास लागतील, वर दरमहा भाडं. पण कुलवृत्तांत चढवा. त्या मोडी कागदांचे मूळ तुकडे सासऱ्यांनी ज्यांचे त्यांना परत केले असणार. काही घरांत वाळवी लागली असेल, काही घरं विकली गेली असतील. ते स्कॅन पुन्हा करता येणार नाहीत. मूळ स्कॅन जसे आहेत तसेच ठेवा, आकार कमी करून नको. आणि एक साधी मजकुराची फाइल करा: कुठला स्कॅन कुठल्या गावचा, कुणाच्या घरचा, कुठल्या सालचा. हे आज फक्त सासऱ्यांच्या डोक्यात असेल तर त्याची प्रत एकच आहे हे लक्षात घ्या. एक संध्याकाळ त्यांच्याजवळ बसून हे लिहून घ्या. पुढे एखादी प्रत भाऊबंदांपैकी कुणाकडे पुण्याला, कुणाकडे परदेशात दिलीत तर आणखी चांगलं.

एवढं झाल्यावर लोक सुटकेचा श्वास सोडतात. मी मात्र तिथे सोडत नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत एका इंजिनिअरच्या हातून चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला. त्यांच्याकडे पाच प्रकारची तजवीज होती, आणि वेळेवर एकही धड चालली नाही. कुणीतरी काही तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी काढलेली एक प्रत सापडली म्हणून बरंचसं वाचलं. हे त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितलं. पगारी माणसं दिमतीला असलेल्या कंपनीचं असं होतं, तर घरातली डिस्क कुणी तपासलेली असणार?

म्हणून दर तीन महिन्यांनी एक तास काढा. शेजारच्या किंवा भावाच्या कॉम्प्युटरला तुमची डिस्क लावा, तुमच्या लॅपटॉपला नको. एक सगळ्यात जुना फोटो उघडा आणि पूर्ण मोठा करून बघा, खालचा अर्धा भाग करडा तर नाही ना. तीन वर्षांपूर्वीची एखादी पत्रिका उघडा, फाँटच्या फोल्डरमधले फाँट टाकून ती नीट वाचता येते का बघा. टॅलीचा बॅकअप एका नव्या, रिकाम्या फोल्डरमध्ये रिस्टोर करून मार्चचा ताळेबंद जुळतो का ते यजमानांना बघू द्या. चालू फोल्डरमध्ये रिस्टोर करू नका, आजचं काम जुन्याखाली गाडलं जाईल. मोडीचा एखादा मोठा स्कॅन उघडा. जिथे अडेल ते त्याच दिवशी दुरुस्त करा. पहिल्या वेळी काहीतरी अडेलच, माझ्या अनुभवात प्रत्येकाचं अडलंय: कुणाचा फाँट, कुणाचा पासवर्ड, कुणाची शून्य केबीची फाइल.

या रविवारी मात्र फक्त त्या वाजणाऱ्या डिस्कचं काम करा. नवी डिस्क शनिवारीच आणून ठेवा, घरात मुलांना टेबलाजवळ येऊ देऊ नका, लॅपटॉप चार्जरवर लावा आणि स्लीप बंद करा. जुनीवरचे फोटो नवीवर उतरले की दोन्हींच्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मधला फाइलींचा आकडा ताडून बघा. आकडा जुळला तरी जुनी डिस्क पुसू नका, भंगारात देऊ नका, चिठ्ठी लावून कपाटात ठेवा. आणि स्किप केलेल्या फाइलींची यादी मला पाठवा, कुठल्या प्रकारच्या आहेत आणि किती आहेत ते बघून पुढे लॅबला जायचं की नाही ते ठरवू.